दोन तळांची होडी

सोजराबाई चिंचणीत राहायला आल्या तेव्हा समुद्राकडची हवेशीर खोली रिकामी होती. ती सोडून त्यांनी मागची, बोळातली, अंधारी खोली घेतली. त्यांचे यजमान भगवंत पलीकडे अणुवीज केंद्राच्या बांधकामावर सुतार होते. काँक्रीट ओतायचे फळ्यांचे साचे करणं हे त्यांचं काम. मूळ गाव नगर जिल्ह्यातलं, कोरडवाहू. तिथल्या विहिरीत सोजराबाईंचा धाकटा भाऊ बुडून गेला होता. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही ज्वारी निवडता निवडता, मान वर न करता.

भरती लागली की बोळात बसूनही त्यांना कळे. हातातलं काम टाकून त्या दारात येत आणि मुलांना हाका मारत. दोघांकडून ‘ओ’ आली की पुन्हा आत जात. थोरली जमुना माझ्या वर्गात होती. ती म्हणायची, “गुरुजी, तुम्ही सकाळी हजेरी घेता, आमची आई भरतीला घेते.”

भगवंतांचं सगळंच उलट. विहिरीच्या पाण्यावर वाढलेला हा माणूस, समुद्र पाहिला आणि त्याच्या नादी लागला. बांधकामावर एक परदेशी इंजिनियर होता. त्याला शिडाच्या जोडहोडीची हौस. दोन लांबट, अरुंद होड्या शेजारी शेजारी ठेवायच्या, वर आडव्या फळ्या ठोकून बसायची जागा करायची आणि मधोमध शीड. सुट्टीच्या दिवशी भगवंत त्याला मदत करत. दोघांनी मिळून अशा दोन जोडहोड्या केल्या. अडुसष्ट साल संपलं आणि साहेबाची मायदेशी जायची वेळ आली. तो भगवंतांना म्हणाला, “एक मित्राला देतो. एक तुझ्या कुटुंबाला. कोणती हवी ते तूच सांग.”

दोन्हींचे तळ अगदी वेगळे होते. पहिलीचे दोन्ही तळ कोयत्याच्या पात्यासारखे खाली निमुळते, आणि नाकं इतकी बारीक की मुठीत धरावीत. दुसरीचे तळ गोल, पोटाळ, नाकंही फुगीर. पहिली पाणी कापत जायची, दुसरी पाण्यावर थापट्या मारत. भगवंतांचं मन पहिलीवर जडलं होतं. साहेबाबरोबर ते तिच्यातून दोनदा जाऊन आले होते आणि घरी येऊन सांगत, “बाण सुटावा तशी जाते.” सोजराबाई ऐकत आणि चूल फुंकत राहत.

भागी म्हणून एक मासळीवाली बोळात यायची. तिनं त्या होड्या खाडीवर पाहिल्या होत्या. पाटी उतरवता उतरवता ती म्हणाली, “एका होडीचा भरोसा नाय म्हणून दोन बांदल्या काय गो? आमी एकीतच बुडतो, तुमी दोघींत बुडाल.” सोजराबाईंच्या सासूबाई मैनाबाई पोट धरून हसल्या. सोजराबाईंनी त्या दिवशी मासळी घेतली नाही.

मग भगवंतांनी ठरवलं की येत्या रविवारी सगळ्यांना पहिलीतून फिरवून आणायचं. सोजराबाईंनी मुलांना पाठवणार नाही म्हणून पाहिलं. मैनाबाई म्हणाल्या, “मी तर जाणार. म्हातारपणी एवढीच हौस राह्यलीय.” त्यावर नातवंडं आजीला चिकटली. शेवटी सोजराबाई स्वतःही निघाल्या. काठावर उभं राहून बघत बसणं त्यांच्याच्यानं झालं नसतं.

मी खाडीवर पोहोचवायला गेलो होतो. भगवंतांनी आईला अगदी पुढे बसवलं, तिच्याजवळ छोट्या चंद्रभानला, मागोमाग जमुनेला आणि सोजराबाईंना. स्वतः मागे सुकाणूवर. देशावरची रीतच ती. बैलगाडीत ओझं मागे झालं तर गाडी उलाळ होते, जू वर उचलतं आणि बैलांना फास लागतो. म्हणून जाणता माणूस गाडी थोडी धुरजड, म्हणजे पुढच्या बाजूला जड भरतो. भगवंतांनी होडी तशीच भरली. पण तिच्यापुढे भार खांद्यावर घ्यायला बैल नव्हते.

साहेबानं होड्यांच्या कडेला पांढरा पट्टा रंगवला होता. पाणी त्याच्या वर चढता कामा नये, एवढीच त्याची खूण. सोजराबाई भीतीनं पाण्यावरून नजर काढत नव्हत्या, म्हणून पट्टा दिसेनासा झाला तो त्यांनाच कळला.

“अहो, पांढरं बुडलं.”

“पहिल्यांदा बसलं की तसंच वाटतं,” भगवंत म्हणाले आणि त्यांनी शीड उभारलं.

खाडीच्या तोंडापर्यंत सगळं ठीक होतं. मैनाबाई चंद्रभानला बगळे दाखवत होत्या. बाहेर पडल्यावर वारा पाठीमागून आला. शीड फुगलं, होडीनं वेग घेतला, आणि पुढच्या लाटेच्या पाठीत दोन्ही बारीक नाकं शिरली. शिरली ती बाहेर येईनात. पाणी फळ्यांवरून आत आलं. चंद्रभानचे पाय गुडघ्यापर्यंत बुडाले आणि तो रडायचाही विसरला. मागची बाजू इतकी वर उचलली गेली की सुकाणू पाण्याबाहेर आलं. भगवंत ते फिरवत होते आणि होडीला त्याचा पत्ता नव्हता. जमुना मला पुढे सांगायची की बाबांचा चेहरा तिनं तसा पुन्हा कधी पाहिला नाही.

काठावरून मला फक्त एवढंच दिसलं, की शीड पुढे कलत चाललंय आणि माणसं लहान होत चालली आहेत. माझ्या शेजारी भागी उभी होती. चेष्टा सोडून ती देवाचं नाव पुटपुटत होती, आणि त्यानं मला जास्त भीती वाटली.

सोजराबाईंचा आवाज चढला नव्हता, असं जमुना सांगते. एका हातानं त्यांनी चंद्रभानचा दंड धरला, दुसऱ्यानं सासूबाईंचा पदर. “आत्याबाई, मागं चला. गाडी धुरजड झालीया. जमुने, रांगत जा.” चौघं ओल्या फळ्यांवरून रांगत मागे आली. एवढ्यात भगवंतांनी शिडाची दोरी सोडून दिली. होडी थरथरली. मग एक नाक वर आलं, पाठोपाठ दुसरं, आणि सुकाणू पुन्हा पाण्यात टेकलं. वाळूला लागेपर्यंत सगळी मागेच दाटीनं बसून राहिली.

त्या आठवड्यात भगवंतांनी होडीचं नाव काढलं नाही. साहेबाला नकोच म्हणून सांगतो, असं फक्त एकदा पुटपुटले. सोजराबाई माझ्या ओट्यावर येऊन बसल्या. “गुरुजी, नको म्हणतील आणि महिन्यानं एकटेच जातील. मला त्यांचं डोळं माहीत हायेत. मग भरतीला मी कुणाला हाक मारू?”

पुढच्या रविवारी त्यांनी सगळ्यांना पुन्हा खाडीवर नेलं. शिडं गुंडाळलेली, दोन्ही होड्या दोरीनं खुंटाला बांधलेल्या. आधी सगळ्यांना पहिलीत मधोमध बसवलं. आणि मग लुगडं खोचून त्या स्वतः पाण्यात उतरल्या, गुडघ्याइतक्या. आयुष्यात पहिल्यांदाच. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. एका हातानं त्यांनी दोरी इतकी घट्ट धरली होती की नंतर तळव्यावर वळ दिसला. त्या वाकल्या आणि पट्टा शोधू लागल्या. पट्टा पाण्याखाली होता.

“उतरा. आता दुसरीत.”

दुसरीत तीच माणसं बसली. पट्टा पाण्याच्या चांगला वर राहिला.

“आत्याबाई, तुम्ही एकट्या पुढं जाऊन बसा.”

“माझंच वजन करतीस व्हय गं?” मैनाबाई सरकत पुढे गेल्या. फुगीर नाक जरासं दबलं आणि थांबलं. “बघ, ह्या होडीला सासू सोसती.”

भगवंत खाली बघत होते. “ही हळू चालते. वाऱ्यानं बाजूला सरकते. नुसती म्हैस आहे.”

“म्हैसच बरी,” सोजराबाई पाण्यात उभ्या राहूनच म्हणाल्या. “म्हैस पाण्यात बसती, बुडत न्हाई. तुमचा बाण एकट्या माणसाचा हाय. तुम्ही एकटे न्हाई.”

भगवंतांनी साहेबाला गोल तळाची होडी सांगितली.

त्या होडीतून पहिल्यांदा सगळे निघाले तेव्हाही मी काठावर होतो. सोजराबाईंनी सगळ्यांना मधे बसवलं होतं आणि स्वतः कडेला, पट्टा दिसेल अशा बसल्या होत्या. भीती गेली नव्हती. पुढे कधीही गेली नाही. होडी खाडीच्या मध्यावर गेली आणि भरतीची पहिली लाट खालून गेली, तशी त्यांची हाक मला काठावर ऐकू आली. मुलं हाताच्या अंतरावर होती, तरीही.

“जमुना.”

“ओ.”

“चंद्रभान.”

“ओ.”

“आत्याबाई.”

“हाय गं बाई, हाय.”

नवऱ्याचं नाव त्या घेत नसत. त्यांनी फक्त मान वळवून सुकाणूकडे पाहिलं. भगवंतांनी न विचारताच ‘ओ’ दिली.