उशीवर निजलेलं बाळ

छावणीतली जुनी इंग्रजी दफनभूमी पाहायला मी आईला घेऊन गेले होते. एका थडग्यावर उशीवर निजलेलं संगमरवरी बाळ होतं. पावसापाण्यानं त्याचं नाक झिजलं होतं. आई तिथंच थबकली.

"नाव काय लिहिलंय?"

"नाव नाही. नुसतं 'आमचं बाळ'."

तिनं बाळाच्या गालावरचा पाचोळा हातानं काढला. मग म्हणाली, "तुझ्या आधीची मुलगी ओढ्याकाठी पुरली. मी बाळंतीण, मला कुणी जाऊ दिलं नाही. नंतरही जागा दाखवली नाही."

मला बहीण होती, हे मला असं कळलं. हे गाल कोरून घेताना कुणी आई समोर बसली असेल का, हा विचार जाईना. हल्ली गावी ओढ्यावर गेले, की पाऊल कुठं टाकावं, तेच कळत नाही.