रेंजरचे मनगटपट्टे

कौतुकाचा राग येतो म्हटलं की लोक विचित्र नजरेनं बघतात. बघू देत. माझं एकदा असं कौतुक झालंय की ते आठवलं तरी अजून तळपायाची आग मस्तकात जाते. आणि ते करणारा माणूस आजही समजतो की त्यानं मला मोठेपणा दिला.

मी खराडीला सॉफ्टवेअर तपासायचं काम करते, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेते. दर शनिवारी दुपारी आमचा आठ-दहा जणांचा गट कोथरूडला एकाच्या घरी जमतो. फासे टाकून एका काल्पनिक राज्यातल्या मोहिमा करायच्या, असा आमचा खेळ. प्रत्येकाचं एक पात्र असतं. कुणी जादूगार, कुणी सरदार. माझी रेंजर आहे: जंगलात एकटी हिंडणारी, माग काढणारी, कुणाच्या दरबारात हात जोडून उभी न राहणारी. चाळिशीला आलेल्या बाईनं असले खेळ खेळावेत का, असं ज्यांना विचारायचंय त्यांनी आपापल्या मालिका बघाव्यात.

ज्याच्या घरी जमतो तो आमचा म्होरक्या. बोलायला गोड, वाचलेला, चहा स्वतः करून देणारा. मी गटात आले तेव्हा दुसऱ्याच आठवड्यात त्यानं विचारलं होतं, "मूळचे कुठले तुम्ही?" मी गाव सांगितलं. त्याचं समाधान झालं नाही. "नाही, म्हणजे आडनावावरून नीट कळत नाही ना." मी म्हटलं, रविवारी विहारात जातो आम्ही, आता कळलं? "अगं, सहज विचारलं," म्हणाला. पुण्यात हा प्रश्न कायम सहजच विचारतात.

तर त्यानंच ट्रेक ठरवला. वेल्ह्याकडच्या जंगलात एक दिवस, सगळ्यांनी आपापल्या पात्राच्या वेषात. नियम एकच. अंगावरचं आणि पाठीवरचं सगळं स्वतःच्या हातानं केलेलं हवं, आणि ते नुसतं शोभेचं नको, चालताना कामाला आलं पाहिजे. कच्चा माल विकत घ्या, तयार वस्तू नाही. मला नियम बेहद्द आवडला. चार महिने हातात होते.

झग्यासाठी दोन घोंगड्या आणल्या. धनगर पावसात घोंगडीची खोळ करून डोक्यावर घेतात ना, तोच आकार धरून डोक्याची टोपी केली. कात आणि चहाच्या पाण्यात तीनदा उकळून तिला जंगली रंग आणला. पाण्याच्या बाटलीसाठी मार्केट यार्डात जाऊन जून झालेले दुधी मागितले. व्यापारी म्हणाला, "ताई, याची भाजी होणार नाही." मी म्हटलं, पाणी प्यायचंय त्यातून. त्यानं पैसेच घेतले नाहीत, सरळ पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. दोन दुधी गच्चीवर सडले, तिसरा खडखडीत वाळला. झगा घालून तळजाईला चालायचा सराव केला तर एक काका थांबून म्हणाले, "थंडी फारच दिसतेय यंदा." बाहेर ऊन रणरणत होतं. इथपर्यंत सगळं हसण्यावारी गेलं.

राहिले मनगटपट्टे. मनगटापासून कोपरापर्यंत चामड्याचा पट्टा, आतल्या बाजूला नाडीनं आवळलेला. काट्याकुट्यांतून जाताना हात सोलत नाहीत. भवानी पेठेतून कमावलेल्या चामड्याचे तुकडे आणले आणि रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर पसरून कापायला बसले.

घरात मी आणि पप्पा, दोघंच. आई जाऊन सहा वर्षं झाली. पप्पांनी बत्तीस वर्षं सरकारी कार्यालयात पत्रांचे मसुदे लिहिले, दुसऱ्यांच्या मसुद्यांवर लाल पेन्सिल चालवली. अजून वर्तमानपत्रातल्या चुकांना गोल करतात. त्या सकाळी ते विहारातून वंदना करून आले, अंगात पांढरा सदरा, आणि दारातच थांबले.

"हा वास कसला?"

"चामडं आहे. मनगटपट्टे करतेय ट्रेकसाठी."

"टेबलावरून उचल."

"अहो पप्पा, कमावलेलं आहे, स्वच्छ आहे."

"उचल म्हटलं ना."

का, ते मला माहीत होतं. लहानपणी एकदाच सांगितलं होतं त्यांनी. गावात कुणाचंही जनावर मेलं की ते ओढून न्यायचं काम आमच्या घराकडे. सोलायचंही आमच्याचकडे. आजोबांनी धम्म घेतला आणि सांगून टाकलं, यापुढे ओढणार नाही. मग गावानं दुकान बंद केलं, गिरणी बंद केली, मजुरी बंद केली. आजी दुसऱ्या गावाहून डोक्यावर दळण आणायची. शेवटी बिऱ्हाड उचलून पुण्याला आले. हे सगळं माहीत असूनही माझं डोकं फिरलं, कारण चार महिन्यांतला एक तिथंच संपत आला होता.

"तुम्ही बत्तीस वर्षं चामड्याचे बूट घालून ऑफिसला गेलात. रोज पॉलिश करायचात. पायात चालतं आणि हातात चालत नाही?"

"पायातलं विकत घेतलेलं होतं," पप्पा म्हणाले. "ज्याला नाही म्हणायची सोय नव्हती, तो नाही म्हणाला. तुला सगळी सोय आहे, आणि तू हौसेनं पिशवी भरून घेऊन आलीस."

"मग आजोबांनी सोडलं कशासाठी? मी मला हवं ते करावं म्हणूनच ना?"

पप्पा कपडे बदलायला आत गेले. चामडं गच्चीवर गेलं. पाण्याच्या टाकीच्या सावलीत माझा कारखाना सुरू झाला. रोज संध्याकाळी मी जिना चढताना पप्पा वर्तमानपत्र तोंडासमोर धरायचे. मला त्यांचा संताप यायचा. जगात दुसऱ्या कुणाच्या बापानं हस्तकलेवरून एवढा अबोला धरला असेल का, असं रोज म्हणायचे मी, मनात, मोठ्यानं. पण खरं सांगते, मला ट्रेकमधलं बक्षीस नको होतं. पप्पांनी एकदा, एकदाच, ते पट्टे हातात घेऊन बघावेत एवढंच हवं होतं.

आणि काम येत कुठं होतं मला! पहिल्या खेपेला मी दोन्ही पट्टे डाव्याच हाताचे कापले. दुसऱ्या खेपेला भोकं इतकी जवळ पाडली की दोरा ओढताच चामडं फाडून बाहेर आला. इंटरनेटवरचे गोरे लोक दहा मिनिटांत पट्टा शिवून दाखवत होते आणि माझ्या चार बोटांना पट्ट्या. शेवटी मंडईजवळ चपला शिवायला बसतात त्या एका काकांच्या समोर मांडी घालून बसले. सहा शनिवार सकाळी. त्यांनी भोकं पाडायची आरी कशी धरायची ते दाखवलं, दोऱ्याला मेण लावायला शिकवलं, एकाच भोकातून दोन बाजूंनी दोन सुया कशा घालायच्या ते दाखवलं. "ताई, दोरा ओढायचा. त्याच्याशी भांडायचं नाही," म्हणायचे. त्यांना किती वर्षं लागली शिकायला, ते मी विचारलं. "बाप पाठीत धपाटे घालायचा, म्हणून लवकर आलं," म्हणाले. "तरी चार वर्षं."

हे वाक्य लक्षात ठेवा. मीही ठेवलं होतं, पण वेळेवर तोंडात आलं नाही.

ट्रेक छान झाला. झग्यानं घाम काढला, दुधी गळला आणि पाणी कडू लागलं, पण मनगटपट्टे! करवंदीच्या जाळ्यांतून सगळ्यांच्या हातांना ओरखडे आणि माझे हात जसेच्या तसे. जादूगाराचा पुठ्ठ्याचा पट्टा अर्ध्या वाटेत लोंबायला लागला, सरदाराची ढाल एका दगडावर आपटून दुभंगली. वरच्या पठारावर डबे सोडले, गोल करून बसलो आणि एकेकाच्या वस्तू हातोहात फिरायला लागल्या. माझा पट्टा म्होरक्याच्या हातात गेला. त्यानं उलटापालटा करून पाहिला, टाक्यांवरून बोट फिरवलं.

"काय सफाई आहे यार," तो म्हणाला. मी फुलून गेले, खोटं कशाला बोलू. मग तो सगळ्यांकडे वळून प्रेमानं, अगदी मनापासून म्हणाला, "अर्थात हिला काय अवघड! हिच्याकडे हे परंपरेनंच आलंय. रक्तातच असतं ते. आपण कितीही क्लास लावले तरी तो हात येणार नाही."

"खरंय," जादूगार म्हणाला. एकीनं मान डोलावली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

आणि मी? रेंजर, कुणाच्या दरबारात न झुकणारी? मी "थँक यू" म्हणाले. हसून! आजही त्या हसण्यासाठी स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

परतीच्या गाडीत सगळी उत्तरं सुचली. अरे शहाण्या, माझ्या घरात कुणी कधी चामड्याला टाका घातलेला नाही. जे होतं ते परंपरेनं आलेलं नव्हतं, मानेवर बसून करून घेतलेलं होतं. शिवणारे वेगळे, ओढणारे वेगळे, एवढाही फरक करायची तुला गरज वाटली नाही. खालचे ते सगळे एकच ना! आणि ज्यांच्या घरात ते काम आहे त्यांनाही ते रक्तातून येत नाही. धपाटे खाऊन येतं, चार वर्षांनी. तुझा मुलगा गणितात पहिला आला की त्याची मेहनत, आणि माझ्या हातून एक सरळ टाका पडला की माझी जात. माझ्या बोटांच्या पट्ट्या तुला दिसल्या नाहीत?

गाडी नऱ्ह्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकली होती तेव्हा गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आले. माझ्या पट्ट्याचा फोटो सगळ्यांत मोठा. त्याखाली त्यानं लिहिलं होतं, "आमच्या रेंजरची पिढीजात कारागिरी." खाली बदामांची रांग.

घरी पोचले तेव्हा सहा वाजले असतील. पप्पा टीव्हीवर बातम्या बघत होते. माझ्या अंगात घोंगडी, हातात पट्टे, डोळे लाल. गच्चीवर जायचं भानच राहिलं नाही.

"काय झालं?"

खरं म्हणजे मला सांगायचं नव्हतं. तुम्ही बरोबर होतात, असं त्यांना म्हणू द्यायचं नव्हतं. पण तोंड उघडलं आणि सगळं बाहेर पडलं, ते रक्त, ते पिढीजात, माझं ते दळभद्री थँक यू. फोनही दाखवला. पप्पांनी चष्मा लावला, ती ओळ वाचली, पुन्हा वाचली. टीव्ही बंद केला.

"काढ ते," म्हणाले.

मला वाटलं घराबाहेर काढ म्हणतायत. मी नाड्या सोडायला लागले. त्यांनी हात पुढे केला.

त्यांनी पट्टा घेतला. ट्यूबलाइटखाली धरला, मसुदा धरायचे तसा, आणि एका टोकापासून टाके बघत निघाले.

"हा चुकलाय."

"हो. तेव्हा शिकत होते."

"हाही. इथं दोन भोकं जवळ पडलीत. हा तिरका गेलाय." त्यांनी दुसरा पट्टाही घेतला. सगळं बघून झाल्यावर म्हणाले, "बारा आहेत."

"माहितेय," मी म्हटलं. "एवढं खपून केलंय, तुम्हीपण चुकाच काढा."

"अगं, रक्तातून आलं असतं तर बारा ठिकाणी चुकलं असतं का?" पप्पा जवळजवळ ओरडलेच. मी त्यांना असं ओरडताना कधी ऐकलं नव्हतं. "फोन घे. लिही."

आणि ते उभं राहून सांगायला लागले, ऑफिसात सांगायचे तसं. मी लिहीत गेले.

"महोदय, आपण छायाचित्राखाली दिलेली माहिती चुकीची आहे. हे काम आमच्या घरात कोणासही येत नव्हते. जे काम आमच्याकडून करून घेतले जात होते, ते माझ्या आजोबांनी सोडले. त्याची किंमत माझ्या आजीने डोक्यावर दळण वाहून दिली. प्रस्तुत मनगटपट्टे मी तीन महिन्यांत शिकून तयार केले आहेत. शिकवणारे गृहस्थ मंडईजवळ बसतात. त्यांनाही शिकावेच लागले. तरी सदर ओळ आजच काढून टाकावी." थोडं थांबून म्हणाले, "खाली लिही. सोबत: चुकलेले टाके, नग बारा. पुराव्यादाखल."

"फोटो लागेल," मी म्हटलं.

पप्पांनी एक पट्टा उजेडात धरला. सगळ्यांत वाकडा टाका नीट दिसावा म्हणून अंगठ्यानं चामडं ताणून धरलं. मी फोटो काढला. त्यात त्यांचा अंगठा आला, नखापासून सांध्यापर्यंत. मी तो कापला नाही. मग दुसऱ्या टाक्याचा काढला, तिसऱ्याचा, असे बाराही.

पट्टे टेबलावर ठेवून पप्पा मोरीत गेले. साबणानं हात धुतले. नळ बराच वेळ चालू होता. टॉवेलला हात पुसत बाहेर आले, टेबलाकडे एकदा बघितलं. उचल म्हणाले नाहीत.

"आता पाठव," म्हणाले.