खोडलेला पहिला टप्पा

माइक हातात आला की मी स्वतःला न्यायाधीश समजतो. एरवी मी विम्याच्या ऑफिसात क्लेम तपासतो. खोटं हुंगायची सवय तिथलीच.

त्या रविवारी दुपारी इंदुरात एका पॉप गायिकेच्या दौऱ्याचा कार्यक्रम होता आणि सूत्रसंचालन माझ्याकडे. तिच्या मॅनेजरने कारकिर्दीतल्या टप्प्यांची यादी पाठवली होती: पहिला अल्बम, पहिला परदेश दौरा, असं बरंच. सगळ्यात वर होतं, 'पहिलं रेकॉर्डिंग: पोलोग्राउंड, खोक्यांचा कारखाना.'

मी हसलोच. पोलोग्राउंड म्हणजे इंदूरची कारखान्यांची वस्ती; तिथे मशिनी गातात, माणसं नाही.

रिहर्सलच्या वेळी एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला गाठलं. "भिया, पहिला नंबर वाचाल ना? तो कारखाना माझा होता. तिचं पहिलं रेकॉर्डिंग तिथलं, हे घरी कोणाला पटतच नाही. आज बायको आणि सून, दोघींना आणलंय."

"पुरावा?" मी ऑफिसच्या आवाजात विचारलं.

"सुट्टी होती, मशिनी बंद. पुठ्ठ्याच्या थप्प्यांमध्ये आवाज घुमत नाही, म्हणून ती पोरगी तिथे गायली. शेवटच्या सुराला मी टाळी वाजवायला गेलो, कोपर लागलं नि थप्पी कोसळली. गाण्याच्या शेवटी ते धप्प अजून आहे. ऐका तर खरं."

इतकं बारीकसारीक खोटं बोलणारेच सांगतात, हा माझा अनुभव. वर त्यांनी शेवेची पुडी पुढे केली. लाच! मी लाल पेनाने पहिला टप्पा खोडला. पुडी ठेवून घेतली, पुरावा म्हणून.

स्टेजवर मी थेट दुसऱ्या टप्प्यापासून सुरुवात केली. काका तिसऱ्या रांगेत ताठ बसले होते. मी परदेश दौऱ्यावर पोचेपर्यंत ते खुर्चीत खचले आणि शेजारी सून तोंडावर हात धरून हसायला लागली. पकडला, मी मनात म्हटलं.

कार्यक्रम संपल्यावर गायिकेने विचारलं, "आमचे खोकेवाले काका आले होते ना? कारखान्याचं वाचलंत तेव्हा उभे राहिले का हो?"

माझ्या तोंडात तेव्हा पुरावाच होता. बाजूला जाऊन मोबाइलवर तिचं पहिलं गाणं लावून थेट शेवटावर नेलं. धप्प!

मी धावत गेटवर पोचलो. तिघं रिक्षा बघत उभे होते. "काका खरं बोलतायत!"

सुनेने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "यांनीच पढवून पाठवलं ना तुम्हाला?"

"नाही हो, आईशप्पथ!"

"मग स्टेजवर का नाही बोललात?"

मी नुसता मोबाइल पुढे धरला. काकूंनी मान तिरकी करून ऐकलं. "परत लावा." परत लावलं. मग त्या काकांकडे वळल्या. "हे तुमचंच. परवा लोणच्याची बरणी अशीच पाडलीत."

काका असे ताठ झाले, जणू आत्ता त्यांना स्टेजवर बोलावलंय.

सून मात्र माझ्या शर्टावर सांडलेल्या चुऱ्याकडे बघत होती. "एक मिनिट. ही शेव तर मी केलेली आहे!"