लेकीच्या हातावरचा लाल डाग

नव्वदीच्या दशकातली गोष्ट आहे. क्योतोत आमच्या घरापासून दोन सिग्नल ओलांडले की वॉर्डाचं सरकारी आरोग्य केंद्र होतं. तिथले लोक त्याला होकेन्जो म्हणत, म्हणून आम्हीही होकेन्जोच म्हणायचो. नवरा विद्यापीठात पीएच.डी. करत होता आणि मी त्याच्याबरोबर पुण्याहून आलेली, घरी असणारी बायको. लेक तिथेच झाली. जवळ ना आई, ना सासूबाई. त्यामुळे माझं बाळंतपणातलं माहेर म्हणजे होकेन्जो, असं मी गमतीने म्हणायचे.

आमच्या भागासाठी तिथल्या एक नर्सबाई नेमलेल्या होत्या. पन्नाशीच्या, केस बारीक कापलेले, चालणं भरभर. लेक पंधरवड्याची असताना त्या पहिल्यांदा घरी आल्या. खाली सायकल लावली, चटईवर बसल्या, पिशवीतून काटा काढला आणि लेकीला फडक्यात बांधून तोलली. मग माझ्याकडे वळून काहीतरी विचारलं. मला कळलं नाही तेव्हा त्यांनी हाताने जेवल्याची खूण केली. मी जेवते का, असं विचारत होत्या. किती दिवसांत मला ते कुणी विचारलं नव्हतं. मला एकदम रडू आलं आणि त्या माझ्याजवळ बसून राहिल्या.

लेक सात महिन्यांची झाली आणि बीसीजीसाठी बोलावणं आलं. तिथे बीसीजी थेट टोचत नसत. आधी हातावर एक छोटी चाचणी टोचायची, दोन दिवसांनी ती जागा बघायची, तिथे काही उमटलं नसेल तर बीसीजी द्यायची. टोचून घेतलं तेव्हा लेक जरा रडली आणि विसरली. दुसऱ्या दिवशी ती जागा लाल झाली. मला वाटलं, डास चावला असेल. तिसऱ्या दिवशी तिथे रुपयाएवढी टणक गाठ होती.

हॉलमध्ये आयांची रांग होती. डॉक्टर प्रत्येक बाळाच्या हातावरून अंगठा फिरवायचे, मान डोलवायचे, पुढचं बाळ. आमच्यापाशी त्यांचा अंगठा थांबला. त्यांनी पट्टी लावून गाठ मोजली. पुन्हा मोजली. मग नर्सबाईंना हाक मारली.

नर्सबाईंनी मला बाजूच्या खोलीत नेलं. "इंडियात बीसीजी दिली होती?" त्यांनी सावकाश, एकेक शब्द सुटा करून विचारलं.

"नाही. ही इथेच झाली. इंडियाला गेलीच नाही."

त्यांनी लेकीची बाही खाली ओढली, बटण लावलं. "तुम्हाला खोकला आहे?"

खोकला होता. पावसाळा सरल्यापासून होता. वजनही उतरलं होतं, पण अंगावर पाजणाऱ्या बाईचं वजन उतरतंच, असं मी धरून चालले होते. मी मानेने हो म्हटलं. त्या पुढे जे बोलल्या त्यातला एकच शब्द पुन्हा पुन्हा ऐकू येत होता, केक्काकु. तो मला येत नव्हता. शेवटी त्यांनी नवऱ्याच्या लॅबला फोन लावला, त्याच्याशी बोलल्या आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला.

"अगं," तो म्हणाला.

"काय म्हणतायत त्या?"

"टीबी म्हणतायत. बाळाला कुणाकडून तरी लागण झालीय म्हणतायत. आपल्या दोघांचा एक्स-रे काढायचाय. तू तिथेच थांब, मी निघालोच."

खालच्या मजल्यावर एक्स-रेची खोली होती. नवऱ्याची छाती स्वच्छ निघाली. लेकीचीही. तिला नुसती लागण झाली होती, आजार नव्हता, तिला सहा महिने रोज औषधाची पूड द्यायची होती. माझ्या उजव्या फुप्फुसात वरच्या बाजूला ढग होता. पुढच्या काही दिवसांत थुंकीची तपासणीही तेच बोलली. डॉक्टर म्हणाले, जंतू लहानपणापासून अंगात झोपून राहिला असेल, बाळंतपणानंतर उठला. तो कुठून आला हे आता कळण्यासारखं नव्हतं, आणि कळून उपयोगही नव्हता.

त्या दिवसापासून अंगावर पाजणं बंद. मला तोंडाला मास्क आणि वेगळी खोली. आमच्याकडे खोल्या दोनच, मध्ये कागदाचं सरकतं दार. पलीकडे नवरा बाटली घेऊन बसायचा आणि लेक बाटली थुंकून माझ्या आवाजाच्या दिशेने रडायची. दाराच्या अलीकडे मी बोलायचं थांबवलं. खोकला आला तरी उशीत तोंड खुपसायचे. मी आहे हे तिला कळलं नाही तर ती पिईल, असं वाटायचं. ती प्यायली नाही. भुकेने थकून झोपली की मग झोपेत थोडं प्यायची.

नर्सबाई घरी आल्या त्या दोन गोष्टी सांगायला. एक, मला दवाखान्यात राहावं लागेल, थुंकीतले जंतू जाईपर्यंत. तसा कायदाच होता. किती दिवस ते सांगता येत नव्हतं. तीन महिने, चार महिने. दुसरी गोष्ट त्यांनी लगेच सांगितली नाही. आधी विचारलं, "बाळाला बघायला इंडियातून कोण येऊ शकेल?"

माझ्या वडिलांना त्या वर्षी अर्धांगवायू झाला होता, आई त्यांना सोडून हलू शकत नव्हती. सासूबाई मांडीचं हाड मोडून पडून होत्या. गावात आमच्या ओळखीचं एकच मराठी जोडपं होतं. त्यातली बायको मला बहिणीसारखी. कळल्याबरोबर तिने फोन केला होता, "बाळाला माझ्याकडे दे, काही काळजी करू नकोस." पण ती सात महिन्यांची गरोदर होती, आणि आमच्या घरी तिचं सारखं येणं असल्यामुळे होकेन्जोने तिलाच तपासणीला बोलावलं होतं. नंतर तिच्या नवऱ्याचा फोन आला. ती बाजूला रडत असलेली मला ऐकू येत होती. "वहिनी, रागावू नका," तो म्हणाला. मी रागावले नव्हते. मी तिच्या जागी असते तर माझ्या नवऱ्यानेही तेच केलं असतं. देवाच्या दयेने तिला काही निघालं नाही.

पाळणाघरांत वर्षाच्या मध्ये जागा नव्हती. नर्सबाईंनी वॉर्डातल्या सगळ्या पाळणाघरांना फोन करून पाहिले होते. मग त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली, आणि नवऱ्याने मान खाली घालून तिचं मराठी केलं.

"एक संस्था आहे. ज्यांच्या आईवडिलांना काही कारणाने सांभाळता येत नाही अशा तान्ह्या मुलांसाठी. तिथे दिवसरात्र बायका असतात. नर्स असते. औषधही वेळेवर देतील."

"म्हणजे अनाथाश्रम."

"अनाथाश्रम नाही गं. तात्पुरतं."

"अनाथाश्रमच की! तू आहेस ना घरात? बाप जिवंत असताना?"

"मी लॅब सोडली तर शिष्यवृत्ती जाईल. शिष्यवृत्ती गेली की व्हिसा जाईल. मग तुझ्या औषधांचं काय? सांग ना, काय करू? तू सांगशील ते करतो."

नर्सबाईंना मराठी कळत नव्हतं, पण आम्ही काय बोलतोय ते कळत असावं. त्या मास्क न लावता माझ्या समोर येऊन बसल्या आणि विचारलं, "बाळाला दूध हवं असलं की तुम्ही काय म्हणता?"

"दुदू."

"दुदू," त्या म्हणाल्या. "आणि जवळ बोलवायला?"

"ये."

"ए?"

"ये."

त्यांनी तीन-चारदा म्हणून पाहिलं. तिथल्या बायकांना मी शिकवेन, म्हणाल्या.

ज्या सकाळी लेकीला न्यायचं होतं त्या सकाळी मी तिला घेऊ शकले नाही. मास्क लावून खालच्या दारात उभी राहिले. नवऱ्याने तिला पुढे बांधलं, नर्सबाईंनी कपड्यांची पिशवी घेतली. लेक खुशीत होती. बाहेर जायचं म्हटलं की ती नेहमीच खुशीत असायची. माझ्याकडे बघून तिने हात पुढे केले, मी आले नाही, तेवढ्यात टॅक्सीचं दार, तिथे उघडतं तसं, आपोआप उघडलं आणि ती त्या नवलात गुंतली. दुपारी मला दवाखान्यात नेलं.

दवाखाना गावाबाहेर डोंगराच्या पायथ्याशी होता. वॉर्डात बहुतेक म्हाताऱ्या बायका. मी त्यांच्या नातीच्या वयाची. मला सगळ्यात जास्त त्रास दुधाचा झाला. ते थांबेना. रोज न्हाणीघरात जाऊन बेसिनमध्ये पिळून टाकायचं आणि नळ सोडायचा. शेजारच्या खाटेवरच्या आजी एकदा अचानक आत आल्या. मला पाहून त्यांनी दार बाहेरून ओढून घेतलं आणि कुणी येऊ नये म्हणून बाहेर उभ्या राहिल्या. दोन-तीन आठवड्यांनी दूध आटलं. ते आटलं तेव्हा हायसं वाटेल असं वाटलं होतं. त्या दिवशी मी जेवले नाही.

घरी आईला न्यूमोनिया झाल्याचं कळवलं होतं. क्षय म्हटलं असतं तर तिने वडिलांना शेजाऱ्यांवर टाकून विमान धरलं असतं.

नवरा रविवारी सकाळी लेकीकडे जायचा आणि दुपारी बसने माझ्याकडे. लहान मुलांना वॉर्डात बंदी होती. तो फोटो आणायचा. लेकीचे केस कापले होते, कपाळावर सरळ झालर. अंगात कुणाचातरी पिवळा स्वेटर. एका फोटोत ती टेबल धरून उभी होती.

"उभी राहिली?"

"हो, गेल्या आठवड्यात. मी तुला सांगणारच होतो."

वॉर्डाच्या टोकाला नाणी टाकायचा हिरवा फोन होता. संस्थेतल्या बाईंनी ठरवून दिलेल्या वेळी मी फोन करायचे. लेकीला सांभाळणारी मुलगी तरुण होती, आवाजावरून हसरी वाटायची. ती लेकीच्या कानाला रिसीव्हर लावायची. "बाळा, अगं मी आई. बाळा, ये. दुदू घेतलंस?" पलीकडून आधी फक्त श्वास. सुरुवातीच्या दिवसांत पाठोपाठ लेक माझा आवाज ऐकून रडायची. त्या मुलीने नर्सबाईंमार्फत विचारलं, फोन जरा कमी केले तर चालतील का, नंतर बाळ बराच वेळ शांत होत नाही. मी कमी केले. पुढे पुढे लेक रडेनाशी झाली. रिसीव्हरवर हात आपटून हसायची. मग मला वाटायचं, रडायची तेच बरं होतं.

नर्सबाई महिन्यातून एकदा यायच्या. त्यांच्याकडे करण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी यायच्या. माझी थुंकी दर वेळी तपासली जायची आणि दर वेळी अजून जंतू आहेत असं निघायचं. एकदा मी त्यांना विचारलं, "मी काही चुकीचं करतेय का? गोळ्या सगळ्या घेते. विश्रांती घेते. सांगाल ते करते."

"तुम्ही सगळं बरोबर करताय," त्या म्हणाल्या. "तरी वेळ लागतो."

थंडी सरत आली, प्लमची झाडं फुलायला लागली तेव्हा माझी तपासणी स्वच्छ आली. पुढच्या तपासण्याही लागोपाठ स्वच्छ आल्यावर घरी सोडलं. गोळ्या पुढे चालूच राहणार होत्या.

लेकीला आणायला आम्ही दोघं गेलो. नर्सबाई तिथे आधीच आल्या होत्या. खेळण्यांच्या खोलीत सात-आठ मुलं होती. माझी कुठली ते मला लगेच ओळखू आलं, हे सांगताना आजही बरं वाटतं. ती पाठमोरी बसली होती. मी गुडघ्यावर बसले, मास्क काढला. "बाळा, ये."

तिने वळून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. नवऱ्याला पाहून हसली. माझ्याकडे आली नाही.

"ये ना बाळा. ये."

ती सांभाळणारी मुलगी माझ्या मागेच उभी होती. तिने अगदी हळू आवाजात जपानीत बोलावलं, "ओइदे." आणि माझी लेक उठून, हात वर करून, डुलत डुलत चालत आली. चालते हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ती माझ्या बाजूने पुढे गेली आणि त्या मुलीच्या पायांना बिलगली.

त्या मुलीचा चेहरा पडला. "माफ करा, 'ये' म्हणत होते मी सुरुवातीला," ती म्हणाली. "पण ती दुसऱ्या मुलांकडून..." तिने लेकीचे हात सोडवले, तिला माझ्या मांडीवर ठेवलं, खाली वाकून नमस्कार केला आणि खोलीतून निघून गेली. लेक दाराकडे बघून रडायला लागली. कॉरिडॉरमध्ये ती मुलगीही रडत होती. नर्सबाई आम्हाला म्हणाल्या, "आता निघा." तोच त्यांचा एवढ्या महिन्यांतला एकुलता हुकूम.

बसमध्ये लेक रडत राहिली. नवऱ्याकडे दिली की गप्प, माझ्याकडे घेतली की पुन्हा. शेवटी तो तिला घेऊन बसला आणि मी पिशवी घेऊन बसले.

घरी मी तिला "ओइदे" म्हणायला शिकले. "ओइदे" म्हटलं की ती यायची, जरा अंतर ठेवून थांबायची. भरवलं की खायची. अंघोळ घातली की घालून घ्यायची. झोपायला मात्र बापाच्या कुशीत. नर्सबाई आल्या की, ती तुमच्या कुशीत येते का, असं विचारायच्या आणि मी सांगायचे, अजून नाही. त्या मान हलवायच्या.

एप्रिलमध्ये तिला ताप आला. नवरा लॅबमध्ये होता. दुपारी ती कण्हत उठली, खोलीत इकडेतिकडे पाहिलं. दुसरं कुणी नव्हतं. मग ती माझ्याकडे आली, मांडीवर चढली आणि माझ्या छातीवर डोकं टेकून झोपली. अंग चटका बसेल असं तापलं होतं. बाजूला औषध होतं, चमचा होता. औषध द्यायचं तर तिला उठवावं लागणार होतं. मी तशीच बसून राहिले. तिचा श्वास गळ्याशी लागत होता. हा ताप थोडा वेळ तरी उतरू नये, असं मनात आलं. मग मी चमचा घेतला आणि तिला उठवलं.