विमलबाईंनी उघडं ठेवलेलं दार

सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जामोदपासून एसटीनं अर्ध्या तासावरच्या एका गावात, विमलबाईंनी अठ्ठावीस वर्षं दुसऱ्याच्या भिंती जपत काढली. किसनरावांच्या गोठ्याला लागून एक खोली, वर टिनं. भाडं थोडं आणि अटी फार. भिंतीत खिळा ठोकायचा नाही, चूल जागची हलवायची नाही, दारापुढे झाड लावायचं नाही. नवरा वारला तेव्हा त्याचा फोटो टांगायला विमलबाईंनी एक खिळा मारला, तर किसनराव दारात येऊन उभे राहिले.

"बाई, भित तुही हाये का माही?"

खिळा काढला. फोटो डब्यांच्या फळीवर टेकून राहिला.

मुलगा राजकुमार हे बघत बघतच सव्वीस वर्षांचा झाला. बोलायला मऊ, रागवायला उशीर लावणारा. कापसाच्या दिवसांत तो लोकांच्या शेतात फवारणीला जायचा. बीटी बियाणं नवं नवं आलं तेव्हा गावात सांगितलं गेलं होतं, आता बोंडअळी गेली, फवारणीचे पंप अडगळीत टाका. काही वर्षं तसं झालंही. मग अळी गुलाबी रंग घेऊन परत आली. बोंड वरून हिरवंगार आणि फोडलं की आत किडलेलं. अडगळीतले पंप बाहेर निघाले आणि राजकुमारला आधी कधी नव्हतं इतकं काम मिळू लागलं.

त्या मजुरीतून त्यानं अरसलानच्या दुकानातला एक जुना फोन घेतला. अरसलान त्याचा शाळेतला दोस्त, जळगाव जामोदच्या बसस्टँडजवळ मोबाइल दुरुस्त करणारा. नेट तेव्हा नुकतंच स्वस्त झालेलं. दोघं एक खेळ खेळत. देशभरातली हजारो माणसं त्या खेळातल्या एकाच राज्यात एकाच वेळी हिंडतात, राक्षस मारतात, सोनं मिळवतात. अरसलाननं खूप राक्षस मारले. राजकुमारला मात्र त्या राज्यात घर बांधायला जमिनीचा तुकडा मिळाला, आणि त्या दिवसापासून त्याचं लढाईतलं लक्षच उडालं.

"अबे, तेवढ्या सोन्यात तलवार आली असती," अरसलान चिडवायचा. "तू पलंग घेऊन राह्यला! राक्षसाले झोपवतं का?"

"तलवार सगळ्यायपाशी सारखीच असते बे. खिडकी कुठं ठेवाची, हे मलेच ठरवा लागते."

एकच खुर्ची तो चार दिवस चार कोपऱ्यांत ठेवून बघायचा. कोणी विचारणारं नव्हतं. दुपारी भाकर खाताना तो आईपुढे फोन धरायचा.

"माय, पाय. ही तुही चूल. खिडकीपाशी मांडली. धूर बाहेर जाईन."

"खेळातल्या चुलीले धूर असते का रे?"

"असते ना. पाय बरं."

खरंच धूर निघत होता. विमलबाई आधी हसल्या. मग त्यांनी डोळे बारीक केले आणि म्हणाल्या, "थोडी डावीकडं घे. वाकलं का डोकं लागते खिडकीले."

राजकुमारनं चूल डावीकडे घेतली. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा विमलबाईंच्या सांगण्यावरून एक चूल हलली.

पुढच्या अंगणात त्यानं डाळिंबं लावली, मोगरा लावला. त्या जमिनीत कापूसही येत होता. "तिथं तरी नको," एवढंच तो म्हणाला.

हे वाचून कोणाला हसू आलं, तर त्यानं आपण नाटकाला गेलो होतो ती एखादी वेळ आठवावी. घर कापडावर रंगवलेलं, दार पुठ्ठ्याचं, हे बघणाऱ्यांना ठाऊक असतं. तरी त्या पुठ्ठ्याच्या दारातून लेक सासरी निघाली की तिसऱ्या रांगेतली बाई पदर डोळ्यांना लावते. तिला कोणी वेडी म्हणत नाही.

ऑक्टोबरात गावातल्या भगवंतरावांच्या शेतात कपाशी राजकुमारच्या डोक्यावर गेली होती. वारा फिरला की औषध परत तोंडावर येत होतं. संध्याकाळी तो डोळे चोळत घरी आला, मग उलट्या, मग धाप. चौथ्या दिवशी दवाखान्यातून त्याला पांढऱ्या कापडात आणलं.

मयताच्या तिसऱ्या दिवशी अरसलान बसायला आला. भिंतीला टेकून बसला.

"काकू, कसं सांगू. राजूचं ते खेळातलं घर हाये ना... तीस दिवस कोनी आत गेलं नाही तं कंपनीवाले मोडून टाकतात. जागा दुसऱ्याले देतात."

विमलबाईंनी तीन दिवसांत पहिल्यांदा मान वर केली.

"कसं जायचं, मले शिकव."

अरसलाननं राजकुमारच्या फोनवर खेळ उघडून दिला. निळ्या फेट्याचा, राजकुमारचा खेळातला माणूस पलंगाजवळ उभा होता, जिथं त्यानं सोडला होता तिथंच. विमलबाईंनी पदराच्या टोकानं फोनची काच पुसली. खेळातल्या घराच्या दाराबाहेर आणखी पाचसहा जण उभे दिसले.

"हे कोन?"

"त्याच्या खेळातले दोस्त. एक इंदूरचा, एक पाटण्याकडचा. मी बातमी देल्ली. दार बंद हाये म्हणून बाहेर थांबले."

"मयताच्या घराचं दार लावून ठेवलं? लोकायनं काय म्हनावं? उघड पहिले."

अरसलाननं दोस्तांपुरतं दार उघडलं आणि तो शेवटची एसटी धरायला गेला.

विमलबाईंना मात्र ते पटेना. मयताच्या घरी कोणी आवतणानं येत नाही. तेरवीपर्यंत दाराला कडी नसते. ज्याच्याशी बांधावरून भांडण आहे तोही येतो, घोंगडीच्या टोकाला बसतो आणि उठून जातो. दोस्तांपुरतं दार म्हणजे कसलं दार? चौथीपर्यंत शिकलेल्या विमलबाईंनी हिंदी अक्षरं लावत लावत दाराच्या चित्रावर बोट दाबलं आणि 'सबके लिए' निवडलं. खाली बारीक अक्षरांत आणखी काही लिहिलेलं होतं. ते त्यांना दिसलं नाही. दिसलं असतं तरी, दुःखात बसायला आलेला माणूस घरातली वस्तू उचलून नेतो, हे त्यांच्या मनात आलं नसतं.

लोक आले. कोणाला पंख, कोणाच्या डोक्यावर शिंगांचा टोप, एक बाई तर वाघावर बसून आली. खुर्च्यांवर बसले, अंगणात उभे राहिले. विमलबाई गुडघ्यावर फोन ठेवून बघत. शेजारच्या पंचफुलाला म्हणाल्या, "पाय कसे सोंगातले मानसं. पन आले बिचारे."

तेरवी झाली. खोलीच्या दाराला कडी लागली. त्या दुसऱ्या दाराला लावायला विमलबाईंचा हात उठला नाही.

मग वेचणी सुरू झाली. अर्धी बोंडं किडकी, कापूस डागी, कवडी झालेला, पण कामाला जावंच लागलं. फोनचा रिचार्ज संपला. तेरवीनंतर बाराव्या दिवशी, बाजार होता तेव्हा, त्या जळगावला अरसलानच्या दुकानात गेल्या आणि फोन त्याच्यापुढे ठेवला.

"घर दाखव बरं."

घर उघडलं. पलंग नव्हता. खुर्च्या नव्हत्या. अंगणातली डाळिंबं मुळांसकट गेली होती. चार भिंती, खिडकी, आणि मधोमध निळ्या फेट्याचा माणूस.

अरसलाननं दोनतीनदा बंद करून पुन्हा उघडलं. मग त्याचा आवाज चढला.

"काकू, सगळ्यायसाठी काऊन उघडलं? कोनीबी उचलून नेते मंग! मी दोस्तांपुरतं करून देल्लं होतं ना!"

"मले काय माहीत रे बाबू, लोकं बसाले येतीन अन् पाटबी घेऊन जातीन?" मग हळूच, "चूलबी गेली?"

"हाव."

दुकानात आलेलं गिऱ्हाईक पायरी उतरून गेलं. अरसलाननं टेबलावरचा स्क्रू उगाच इकडचा तिकडे केला.

"मी मांडून देतो, काकू. त्यानं फोटो पाठवले होते मले. सगळं मिळते खेळातल्या बाजारात. जसंच्या तसं करतो."

विमलबाईंनी मान हलवली.

"तू मांडशीन तं ते तुहं मांडलेलं होईन. त्यानं एकेक वस्तू चारदा हलवली होती. तू फोटो पाहून एकदाच ठेवशीन." त्यांनी डोळे पुसले नाहीत. "राहू दे तसंच."

"दार तरी लावू?"

"लाव."

अरसलाननं बोट उचललं, तेवढ्यात दारातून कोणी आत आलं. पिवळ्या टोपीचा, पाठीवर गाठोडं. त्यानं या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फेरी मारली, खिडकीतून डोकावून पाहिलं आणि त्याच्या डोक्यावर इंग्रजी अक्षरं उमटली.

"काय म्हनते तो?"

अरसलाननं अक्षरं वाचली. "पुसून राह्यला, घर खाली हाये का म्हनून. त्याले पायजे."

"नाही म्हन. मानूस हाये घरात."

अरसलाननं लिहिलं. पिवळ्या टोपीवाला हलला नाही. पुन्हा अक्षरं आली.

"आता काय?"

"कोन हाये, म्हनते."

विमलबाई स्टुलावर पुढे सरकल्या. निळ्या फेट्याच्या माणसावर त्यांनी बोट टेकवलं आणि तसंच राहू दिलं.

"त्याची माय हाये, म्हन."

अरसलाननं तसंच लिहिलं. पिवळ्या टोपीवाला वळून बाहेर गेला, आणि अरसलाननं दार लावलं.