वरून वाळलेलं रोप

"मेलं नाही काकू, खाली काम चालू आहे."

अंगणातल्या वाळक्या काडीसमोर उकिडवी बसून ती हे म्हणायची. बुडाशी नखानं खरवडायची, हिरवं दिसलं की हसायची. मी म्हणायची, "बाई, काडी आहे ती. चुलीत घालायच्या लायकीची."

इकडे उत्तरेत, तेलीबागेत, आमच्या वरच्या खोलीत ती भाड्यानं राहायची. मूळची यवतमाळकडची. काम एका संशोधन संस्थेत: तोडलेलं जंगल परत कसं उभं करायचं, ते शोधायचं. डोंगरपायथ्याच्या तराईत तिनं सालवृक्षांची रोपं लावली होती. तिकडून आली की अंगणातल्या नळावर आधी बूट धुवायची, मग तोंड.

मी चौथी शिकलेली. मला नवल वाटायचं. "जंगल लावायची नोकरी असते? जंगल तर आपोआप येतं ना?"

"येतं. इथे का येत नाही, तेच बघते."

तिच्या आईचा फोन आला की मात्र एकच ऐकू यायचं, "हो आई, बँकेच्या नोकरीचा फॉर्म भरते." कधी भरला नाही. नोकरी पक्की नव्हती. प्रोजेक्ट तीन वर्षांचा, आणि हे रोप हट्टी. पावसाळ्यात वर येतं, उन्हाळ्यात वाळतं, पुन्हा येतं, पुन्हा वाळतं. कित्येक वर्षं असंच. मग कुठे उभं राहतं.

त्यातलंच एक बी तिनं माझ्या अंगणात लावलं होतं. पाणी घालायचं काम माझ्याकडे. शेजारीण भिंतीवरून विचारायची, "दीदी, सूखी लकड़ी को पानी?"

"किरायेदार की है," मी म्हणायची.

तिसऱ्या उन्हाळ्यात तपासणीचे साहेब लोक आले. तराईत जायला त्यांना वेळ नव्हता. फोटोत नुसत्या काड्या दिसल्या. "सब मर गया," म्हणाले. दुसऱ्या दिवशी शेवटची बैठक. काम बंद झालं तर तिची रोपं नांगराखाली जाणार आणि ती बँकेत.

त्या संध्याकाळी ती माझ्याकडे आली. "काकू, तुमचं रोप मागायला आलेय."

"माझं कसलं? तुझंच आहे."

"पाणी तुम्ही घातलंय."

"उपटल्यावर जगेल?"

"नाही."

"मग घे की. विचारतेस काय!"

सकाळी ती खणायला बसली. मी स्टूल टाकून बघत बसले. वर वीतभर काडी, खाली मूळ संपेचना. शेवटी ती पोटावर पालथी झोपली आणि खांद्यापर्यंत हात खड्ड्यात घालून माती काढू लागली. मूळ निघालं तेव्हा माझ्या अख्ख्या हाताएवढं होतं. तीन वर्षं मी कशाला पाणी घालत होते, ते मला तेव्हा दिसलं. ओल्या पोत्यात गुंडाळून ती ते टेम्पोतून घेऊन गेली.

दुपारी आली ती थेट माझ्या स्वयंपाकघरात. "एक साहेब म्हणाले, 'अरे, मैडम मूली ले आईं!' सगळे हसले, काकू."

"मग?"

"मग त्यांच्यातल्या म्हाताऱ्या साहेबांनी मुळावरून बोट फिरवत टोकापर्यंत नेलं. म्हणाले, 'दो साल और.'"

एवढं बोलून ती खिडकीतून खड्ड्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, "रडायचं असेल तर जेवून रड."

पुढे तिची काही रोपं उन्हाळ्यात वाळायची थांबली, सरळ वर गेली. मग तिला इंडोनेशियातून बोलावणं आलं. काम तेच, नोकरी पक्की. "येत जाईन काकू," म्हणाली. आली नाही. तिकडेही पुष्कळ जंगल तोडलेलं असणार.

जायच्या आधी ती त्याच खड्ड्यात माती भरून दुसरं बी लावून गेली होती. ते उगवलं, आणि उन्हाळ्यात वाळलं. वरचा नवा भाडेकरू म्हणाला, "आंटी, ये तो गया. निकाल दूँ?"

"हाथ मत लगाना," मी म्हटलं आणि बादली आणायला गेले.

खाली किती गेलंय ते बघायची मला फार इच्छा होते. पण बघायचं तर उपटावं लागतं.