गप्प बसणारा कुत्रा

आमच्याकडे पुढचं दार परक्यांचं. लग्नाची पत्रिका घेऊन येणारे, मतं मागणारे, सगळे पुढून. आपली माणसं मागच्या वाडीतून, हाक न मारता थेट स्वयंपाकघरात. सडक अर्जुनीत मी जन्म काढला, तो असा.

मी शाळेतून रिटायर झाले, हे गेले, आणि पुण्यातल्या मुलाला माझी काळजी लागली. त्याने जर्मन शेफर्डचं पिल्लू आणून दिलं. पुढे सडा-रांगोळी, म्हणून मी त्याला बांधलं मागे. झालं! कुत्रा मोठा झाला आणि नेमका आपल्याच माणसांवर धावू लागला. शेजारीण लाखोरीची भाजी घेऊन आली, तर तिचा पदर टराटरा फाडला.

"बाई, हा कुत्रा हाये का बिबट?" ती वाडीच्या काट्यांच्या कुंपणापलीकडून ओरडली. त्यानंतर ती आली नाही, कोणीच आलं नाही. दिवस दिवस माझ्या तोंडातून शब्द निघेना. चहा एक कप करायचा आणि भिंतीकडे बघत प्यायचा. जीव नुसता कोंडून गेला.

मुलगा फोनवर म्हणाला, "आई, ट्रेनर लाव. नाही जमलं तर घर बंद करून इकडे ये."

पुण्याला जायचं म्हणजे आठव्या मजल्यावर. एकदा राहून आले होते, खिडकीशी बसून वेड लागायची पाळी आली. म्हणून मी ट्रेनरच्या मागे हात धुऊन लागले. पहिला आला तो हातात दांडा घेऊनच. त्याला म्हटलं, "चहा पी आणि नीघ." दुसरा गोंदियाचा, मुलानेच शोधून पाठवला. हिंदी बोलणारा, इस्त्रीचा शर्ट. त्याने नुसती बोटं वर केली आणि आमचं धूड मटकन बसलं. मी खूश! आयुष्यभर आमच्या शाळेत हेच बघत आले ना. ज्याचा वर्ग गप्प, तो मास्तर चांगला. दुसरं काही विचारायचं मला सुचलंच नाही.

तो कुत्र्याला चटईवर बसायला शिकवायचा. शिट्टी वाजल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, हे शिकवायचा. मोबाइलवर टिंग टिंग वाजवायचा आणि कुत्र्याने भुंकायचं नाही. आमच्या दाराला साधी कडी, घंटी कुठली? पण मास्तरच्या कामात आपण कशाला नाक खुपसायचं.

आणि एक दिवस शेजारीण वाडीतून भीत भीत आली. कुत्र्याने शेपटी हलवली, बस्स. मला रडूच आलं. दोघींनी मिळून चहा घेतला, गावभरच्या गोष्टी केल्या. मी लगेच मुलाला फोन लावला, "आता पुण्याचं नाव काढू नको हं!" फोनच कट झाला. मला वाटलं, रेंज गेली.

दुसऱ्या दिवशी ट्रेनरला सहज विचारलं, हे टिंग टिंग कशाचं?

"लिफ्ट का है, माताजी. फ्लैट की ही तो ट्रेनिंग है. भैया बोले, गर्मी में शिफ्टिंग है आपकी."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्याला तिथल्या तिथे वाटेला लावलं. मुलाला फोन केला, "अरे, मला एका शब्दाने विचारलंस?"

"आई, तुझ्या भल्यासाठीच ना! मी घरमालकाशी कुत्र्याचंही बोललोय."

भल्यासाठी! फोन आपटला. मागचं दार सताड उघडलं, साखळी काढली आणि कुत्र्याला म्हटलं, "जा रे बाबा, हुंदड वाडीभर." तो उंबऱ्यापाशी आला आणि बसला. माझ्या तोंडाकडे बघत राहिला. ढकललं, भाकरी दाखवली, शिव्या दिल्या. तो काही केल्या हलेना. शिट्टी मास्तरच्या खिशात, मास्तर गोंदियाच्या बसमध्ये.

मीच बाहेर पाऊल टाकलं, तसा तो इतका केविलवाणा रडायला लागला की माझ्याने पुढे जाववेना. परत आत आले आणि त्याच्याशेजारी फरशीवर बसले.

शेजारणीने काट्यांवरून वाकून पाहिलं. "बाई, दार उघडं हाये, अन् काऊन आत बसून राहिल्या?"

"माह्या पोराले विचार," मी म्हटलं.